पार्श्वभूमी : गोव्यातले घोडे, खाणी आणि ‘लगाम’

गोव्यात घोडा समुद्रातून आला. होर्मुझ आणि अरबस्तानातून गलबतांनी उतरलेली जनावरे इथून घाट चढून विजयनगर, बहमनी आणि पुढे आदिलशाही मुलखात जात. दख्खनमध्ये चांगली पैदास होत नसल्याने मागणी आटत नसे. १५१० नंतर पोर्तुगिजांनी घोड्यांची गलबते गोव्यालाच लागावीत अशी सक्ती केली आणि जकातीवर तिजोरी भरली. १५४७ च्या तहात गोव्यातले घोडे विजयनगरला द्यायचे, आदिलशाहीला नाही, असे ठरले. १५६५ च्या लढाईने विजयनगर मोडले आणि हा धंदाही ओसरला.

लगाम त्याहून कितीतरी जुना. विदर्भात माहुरझरीच्या शिळावर्तुळांत, म्हणजे दगडांच्या वर्तुळातल्या प्राचीन दफनांत, घोड्याच्या तोंडातले लोखंड सापडले आहे. नाव मात्र फारसीतून आले. लगाम म्हणजे कोणी तोंडातले लोखंड समजतो, कोणी हातातल्या वाद्या (चामड्याच्या पट्ट्या), कोणी डोक्यावरच्या पट्ट्यांसकट सगळा साज. गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीच्या घोडेमोडणी या लोकनृत्यात कमरेला लाकडी घोडा बांधलेला नर्तक एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात लगाम धरतो, तेव्हा त्या वाद्याच असतात.

‘लगाम’ या शब्दाचा खरा गोंधळ खाणींच्या बातम्यांनी वाढवला. २०१२ मध्ये गोव्यातले खनिज उत्खनन बंद झाले, तेव्हा ‘खाणींना लगाम’ असे लिहिले गेले. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, तेव्हाही लगामच. २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द होऊन काम पुन्हा थांबले, तरी शब्द तोच. हे चुकीचे आहे. लगाम चालत्या घोड्याला असतो. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर लोखंड टेकते, वादी ओढली की घोडा वळतो, सैल सोडली की धावतो. या अर्थाने २०१४ ची मर्यादा तेवढा लगाम होता. २०१२ आणि २०१८ चे निर्णय घोडा तबेल्यात बांधणारे होते. बंदीत खनिज वाहणारे ट्रक आणि बार्ज (सपाट तळाच्या मालबोटी) उभे राहिले, कर्जाचे हप्ते थकले. खाणींनी भाटांत (बागायतींत) आणि शेतांत माती भरली होती, हेही खरेच. पण बंदी आणि मर्यादा यांना एकच शब्द वापरला की मधला मार्ग कुणी आखला होता, हेच वाचकाला दिसत नाही.

२०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आहेत. मर्यादा किती टनांची आणि धक्क्यावर ती मोजणार कोण, यावर आता बोलले पाहिजे.