येरळवाडीचे पट्टकादंब आणि त्यांच्या रक्तातली गंमत

शनिवारी रात्री मित्राचा फोन आला, "येरळवाडीच्या तलावावर पट्टकादंब उतरलेत, पंचवीसेक तरी आहेत." पट्टकादंब म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले स्थलांतरी हंस. मागच्या खेपेला दोन दिवस उशीर केला आणि नुसतं पाणी बघून परत आलो होतो, त्यामुळे पहाटे साडेचारलाच साताऱ्यातून गाडी काढली, कोरेगाव, पुसेगाव, वडूज करत उजाडायला तलावावर हजर. दुर्बिणीत पहिला सापडला तो काठावर गवत खुडत होता. पांढरं डोकं, मागं दोन काळे आडवे पट्टे, पिवळी चोच.

शेजारी एक काका पोराला सांगत होते, "हे एव्हरेस्टवरून उडत येतात." व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंच ते. पण मंगोलिया, तिबेटकडून येणाऱ्या या हंसांच्या अंगावर शास्त्रज्ञांनी ट्रान्समीटर लावले तेव्हा सगळ्यात जास्त उंची मिळाली ७,२९० मीटर, आणि बहुतेक वेळ ते सहा हजारांच्या खालीच, डोंगर चढला की चढायचं, दरी आली की उतरायचं असं जमिनीला धरून उडतात, कारण विरळ हवेत पंख मारायला फार ताकद लागते.

तरी साडेपाच हजार मीटरवर ऑक्सिजन आपल्याकडच्या निम्माच. तिथं हे पंख मारतात कसे? मला वेड लावलंय ते याच गोष्टीनं. रक्तात ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन म्हणजे अमिनो आम्लांच्या चार साखळ्यांचं गाठोडं, दोन अल्फा, दोन बीटा, आणि ते दोन रूपांत असतं, एक ऑक्सिजन घट्ट धरणारं, एक सोडून देणारं. अल्फा साखळीत ११९ नंबरच्या जागी कलहंसात (हा पट्टकादंबाचा भाऊबंद), अगदी माणसातसुद्धा, प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल असतं, ते शेजारच्या बीटा साखळीला टेकतं आणि त्या आधारानं 'सोडणारं' रूप टिकून राहतं. पट्टकादंबात तिथं अ‍ॅलानिन आहे. ते आकारानं छोटं, त्यामुळे टेकू सुटतो, बारीकशी फट राहते आणि तराजू 'धरणाऱ्या' रूपाकडे झुकतो, म्हणजे विरळ हवेतूनही फुप्फुसात ऑक्सिजन पकडला जातो. हिमोग्लोबिनची रचना उलगडणारे शास्त्रज्ञ मॅक्स पेरुट्झ यांनी १९८३ मध्ये हे सुचवलं होतं. शेकडो अमिनो आम्लांत एका जागची ही अदलाबदल! जोडीला मोठी फुप्फुसं आणि उडायच्या स्नायूंत केशवाहिन्यांचं दाट जाळं आहेच.

हंस दूध आणि पाणी वेगळं करतो असं अजूनही लोक मनापासून सांगतात, तसं काही नसतं. चोचीच्या कडेला करवतीसारखे दाते असतात ते गवत तोडायला, आणि आमच्याकडं हरभऱ्याचे कोवळे कोंब खायला.

ऊन वर आलं तसा एकानं आवाज दिला, नाकातून आल्यासारखा, मग दुसऱ्यानं, आणि सगळा थवा पाण्यावरून उठून पलीकडच्या रानाकडे गेला.