भुसा आणि तूस: गोठ्यात पसरण्याआधी

वखारीत "भुसा पाहिजे" म्हटलं की लाकडाचा भुसा येतो, भातगिरणीत म्हटलं की तूस, म्हणजे भाताचं टरफल, येतं आणि मळणीच्या दिवसांत शेजाऱ्याला विचारलं तर तो गव्हाच्या भुसकटाकडे बोट दाखवतो. तिन्हीला आपण सर्रास भुसाच म्हणतो. भुसकट जनावराच्या तोंडी जावं, पायाखाली नको, म्हणून ते सोडून देऊ. उरलेले दोन्ही पिवळट, हलके, गोणीतून येणारे. पण गोठ्यात जनावराखाली पसरले की दोघांची कामं अगदी उलटी आहेत, आणि चुकीची गोणी उतरवली की त्याची किंमत गाईच्या कासेला मोजावी लागते.

दोन पेल्यांत पाणी घ्या. एकात मूठभर तूस टाका, दुसऱ्यात मूठभर कोरडा भुसा. अर्ध्या तासाने बघा. तूस बरंचसं वरच तरंगत असतं; हातात घेतलं तर पाणी निथळून जातं आणि टरफल होतं तसंच टणक राहतं. भुसा मात्र फुगून जड झालेला असतो, मुठीत दाबला तर त्याचा लाडू वळतो. भाताचं रोप मातीतून सिलिका ओढून घेतं आणि दाण्याच्या टरफलात साठवतं. तूस जाळलं तर वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी राख उरते, आणि ती जवळपास सगळी सिलिकाच असते. म्हणून ते सहजी भिजत नाही, कुजतही नाही.

थोडक्यात, भुसा मूत पितो आणि तूस ते खाली सोडून देतं. त्यामुळे गोणीचा भाव विचारण्याआधी आपल्या गोठ्यात मूत जातं कुठे, ते बघावं.

मुरमाची किंवा मातीची जमीन असेल, मुक्त संचार गोठा असेल, तर तूस चांगलं. चार-सहा इंचांचा थर दिला की मूत खाली मुरतं, वर जनावराला कोरडं मिळतं. कोब्यावर मात्र तूस फसतं. तिथे मुरायला जागाच नाही. मूत थराच्या बुडाशी साचून राहतं आणि पहाटे गोठ्यात शिरलं की डोळे चुरचुरतात. धुवायला पाणी मारलं की तरंगणारं तूस वाहत जाऊन गटार तुंबवतं, ते वेगळंच. कोब्याला 40 फुटांना 1 फूट असा उतार असेल तर मोठं पाणी निघून जातं आणि उरलेली ओल टिपायला भुशाचा पातळ थर पुरतो. तो रोज बदलायचा, यात सवलत नाही.

कारण भुशाची खरी भीती ओलेपणाची आहे. ओल्या, उबदार भुशात क्लेब्सिएला नावाचे जंतू झपाट्याने वाढतात आणि त्यांच्यामुळे होणारी दगडी, म्हणजे कासेची सूज, औषधांना लवकर दाद देत नाही. गाय दिवसाचे दहा-बारा तास बसून असते, म्हणजे तेवढा वेळ सड त्या थराला टेकलेले असतात. दूध काढल्यावर अर्धा तास तरी सडाचं तोंड पुरतं मिटत नाही; त्या वेळात गाय उभी राहावी म्हणून धारा झाल्या झाल्या तिच्यापुढे वैरण टाकावी. बारीक भुसा ओल्या सडाला पिठासारखा चिकटतो, म्हणून दुभत्या गाईखाली करवतीच्या बारीक भुशापेक्षा रंध्याचा जाड, सालीसारखा भुसा मी कधीही पसंत करेन. तपासायची रीत सोपी आहे: गाय बसते तिथे स्वतः गुडघे टेकून पंचवीस-तीस सेकंद बसा. गुडघा ओला झाला तर थर बदलायची वेळ टळून गेलेली आहे.

वखारीतून घेताना आणखी एक गोष्ट विचारा: हा भुसा निव्वळ लाकडाचा आहे, की प्लायवूड आणि एमडीएफ कापलेला? त्यात डिंक आणि रसायनं असतात. वासरं पायाखालचं चघळतात, तेव्हा असला भुसा फुकट मिळाला तरी घेऊ नका. आणि ओल्या लाकडाचा भुसा वजनावर घेतलात तर पाण्याचे पैसे दिलेत असं समजा. तो घेतलाच तर उन्हात पसरून वाळवल्याशिवाय गोठ्यात नेऊ नका.

कोंबड्यांना तूसच बरं. त्या उकरत राहतात, तूस मोकळं राहतं, त्याची ढेप लवकर बनत नाही. बारीक भुशाची धूळ पिल्लांच्या श्वासात जाते. मेंढ्यांखाली भुसा नको, लोकरीत अडकून बसतो.

भावाचं म्हणाल तर जो माल जवळ, तो स्वस्त. 100 किलो भातामागे साधारण 20 किलो तूस निघतं, त्यामुळे भंडारा-गोंदियाकडे किंवा कोकणात गिरणी जवळ असेल तर ते परवडतं. पण ते इतकं फुगीर असतं की लांबून आणलं तर मालापेक्षा ट्रकचं भाडं जड होतं. भट्ट्या आणि बॉयलरलाही तेच लागतं, म्हणून सुगी संपताच भरून ठेवावं. दोन्ही दूर असतील तर भाताचा पेंढा (विदर्भात त्याला तणीस म्हणतात) किंवा कोकणातला वाळका पातेरा, म्हणजे पालापाचोळा, आहेच.

राहिला उकिरडा. शेणात मिसळलेला भुसा कच्चाच शेतात टाकला तर तो कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळं पडतं. खड्ड्यात ओल राखून, अधूनमधून पलटून, काळाभोर होईपर्यंत कुजवा. तूस वर्षभरानेही टरफलासकट ओळखू येतं. ते चिकट काळ्या रानात टाकावं, माती थोडी मोकळी होते.