मॉर्मन मिशनरी : ग्रामीण क्षेत्रातील आठवडा

चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती पंथाचे पूर्णवेळ तरुण धर्मप्रचारक खेड्यांत व विरळ वस्तीच्या प्रदेशांत काम करताना जी साप्ताहिक दिनचर्या पाळतात, तिचे वर्णन या नोंदीत केले आहे. ‘मॉर्मन’ हे नाव पंथाच्या ‘मॉर्मनचा ग्रंथ’ या धर्मग्रंथावरून रूढ झाले. २०१८ पासून पंथाच्या नेतृत्वाने ते टाळून पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला आहे. येथे सोयीसाठी जुने नाव ठेवले आहे. पुरुष मिशनरीला ‘एल्डर’ व स्त्री मिशनरीला ‘सिस्टर’ म्हणतात. सेवेचा काळ पुरुषांसाठी २४ महिने, तर स्त्रियांसाठी १८ महिने असतो. २०१२ मध्ये पुरुषांसाठी किमान वय १९ वरून १८ वर आणि स्त्रियांसाठी २१ वरून १९ वर आणल्यावर मिशनरींची संख्या एकदम वाढली. खाली वर्णिलेली पद्धत मुख्यतः उत्तर अमेरिकेतील ग्रामीण क्षेत्रांची आहे.

प्रारंभ व त्याविषयीचे मतभेद : पंथाची स्थापना ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात झाली. संस्थापक जोसेफ स्मिथ यांचे धाकटे बंधू सॅम्युएल स्मिथ यांना परंपरेने पहिले मिशनरी मानतात. त्यांची आई लूसी मॅक स्मिथ यांच्या आठवणींनुसार ते जून १८३० च्या अखेरीस ग्रंथाच्या प्रती पाठीवरच्या पिशवीत घालून निघाले. पहिल्या दिवशी सुमारे २५ मैल चालूनही एकही प्रत खपली नाही, खाणावळवाल्याने हाकलून दिले आणि रात्र सफरचंदाच्या झाडाखाली काढावी लागली. या कथेतील तारीख मात्र वादाची आहे. फिनियस यंग (पंथाचे पुढचे अध्यक्ष ब्रिगम यंग यांचे बंधू) यांनी मेंडन गावात सॅम्युएलकडून ग्रंथ घेतल्याचे नोंदवले असून त्यांनी त्यासाठी एप्रिल १८३० हा महिना दिला आहे. दोन्ही निवेदने घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेली आहेत. काहींच्या मते फिनियस यांच्या स्मरणात महिन्याची गफलत झाली असावी. इतरांच्या मते सॅम्युएल यांनी एकाहून अधिक फेऱ्या केल्या आणि जूनची फेरी ही पहिली ‘औपचारिक’ फेरी होय. दुसरे मत अधिक संभवनीय वाटते, कारण ग्रंथ मार्चअखेरीस विक्रीस आला होता आणि प्रती घेऊन शेजारच्या गावांत जाण्यास कोणत्याही नेमणुकीची गरज नव्हती.

‘पहिला’ या विशेषणावर आणखी एक दावा आहे. ग्रंथ अजून छापखान्यात असताना, १८२९ मध्ये, सॉलोमन चेंबरलिन यांनी छापून झालेली ६४ पाने घेऊन कॅनडापर्यंत प्रचार केल्याचे स्वतः लिहून ठेवले आहे. तेव्हा ना पंथ स्थापन झाला होता, ना ते त्याचे सभासद होते. म्हणून त्यांना मिशनरी म्हणावे काय, हा प्रश्न तारखेपेक्षा व्याख्येचा आहे. या सर्व कथांत रस्ता खेड्यांतून जाणारा आहे, माणूस पायी चालतो आहे, आणि बहुधा एकटा आहे. दोघांनी मिळून जाण्याचा नियम त्यानंतरचा : फेब्रुवारी १८३१ मधील एका प्रकटीकरणात (‘डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स’ हा प्रकटीकरणांचा संग्रह, विभाग ४२) ‘दोघे-दोघे’ जाण्याची आज्ञा आढळते. तिचा आधार मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे.

थैली-झोळीविना प्रवास : एकोणिसाव्या शतकातील मिशनरी ‘थैली वा झोळी न घेता’, म्हणजे पैसे जवळ न बाळगता निघत आणि जेवण-मुक्कामासाठी भेटेल त्या कुटुंबावर अवलंबून राहत. ही पद्धत मूलतः ग्रामीण होती. शेतघरी परक्याला एक रात्र ठेवून घेण्याची चाल असेल, तिथेच ती चालते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत (तेथील मिशनची स्थापना १८७५) लांब काळा कोट, हातात पिशवी व छत्री हा जोडीचा ओळखीचा वेश झाला. सभा शाळेच्या खोलीत किंवा झाडाखाली भरत. निर्जन वाटांचा धोका खरा होता. जुलै १८७९ मध्ये जॉर्जियात जोसेफ स्टँडिंग यांची जमावाने हत्या केली. त्यांचे जोडीदार रजर क्लॉसन बचावले. १० ऑगस्ट १८८४ रोजी टेनेसीतील केन क्रीक येथे दोन मिशनरी व दोन स्थानिक अनुयायी मारले गेले.

ही पद्धत का संपली याविषयी एकमत नाही. भटक्यांविरुद्धचे कायदे कडक झाले, हे एक कारण दिले जाते. प्रचाराचा भर शहरांकडे वळला, हे दुसरे. १८९८ पासून अविवाहित स्त्रिया मिशनरी म्हणून जाऊ लागल्या आणि त्यांना अनोळखी घरी मुक्काम मागायला लावणे शक्य नव्हते, हे तिसरे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ती बहुतेक ठिकाणी बंद पडली. तरी १९४० च्या दशकाच्या अखेरीस न्यू इंग्लंडमधील मिशनने उन्हाळ्यात जोड्यांना पुन्हा तसेच खेड्यांत धाडले होते. आज खर्च मिशनरी व त्याचे कुटुंब उचलते. १९९१ पासून ठिकाण स्वस्त असो वा महाग, मासिक रक्कम सर्वांना समान ठेवली गेली. अमेरिकेतून जाणाऱ्यांसाठी ती जुलै २०२० पासून ५०० डॉलर आहे.

क्षेत्र व मैलांचा हिशेब : ‘मिशन’ म्हणजे एका मिशन अध्यक्षाच्या अखत्यारीतील प्रदेश, अध्यक्षाची मुदत ३ वर्षांची. त्याखाली ‘झोन’, त्याखाली ‘डिस्ट्रिक्ट’ आणि सर्वांत खाली एका जोडीचे ‘क्षेत्र’. शहरात काही रस्त्यांचे क्षेत्र असते. ग्रामीण भागात एक किंवा अनेक काउंट्या (राज्याचे जिल्ह्यांसारखे विभाग) एकाच जोडीकडे येतात. नियमपुस्तिका दोन्हींकडे एकच असली, तरी ग्रामीण आठवड्याला आकार देतो तो वाहनाचा मैलमापक.

मिशनच्या मालकीच्या मोटारीला महिन्याची मैल-मर्यादा ठरवून दिलेली असते. समजा ती १,००० मैल आहे, म्हणजे आठवड्याला साधारण २३०. उपासनागृह ३० मैलांवर असेल तर रविवारचे ६० गेले; डिस्ट्रिक्टची बैठक ४५ मैलांवरच्या गावी असेल तर ९० गेले. उरलेल्या ८० मैलांत गावाबाहेर २० मैलांवर राहणाऱ्या कुटुंबाची एक भेट निम्मे मैल खाते. म्हणून भेटी दिवसागणिक न लावता दिशेगणिक लावतात : मंगळवारी उत्तरेचा रस्ता, गुरुवारी नदीपलीकडचा. नवख्या जोडीची नेहमीची चूक म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत उत्साहाने मैल उधळणे. मग महिनाअखेरीस सायकलवर किंवा पायी गावातच फिरावे लागते, आणि ज्या दूरच्या घरी पुढच्या भेटीचा शब्द दिलेला असतो, तोच मोडतो.

मोटार ठरवून दिलेल्यानेच चालवायची असते. ती मागे घेताना जोडीदाराने खाली उतरून मागे उभे राहून इशारा द्यावा, असा नियम आहे. अनेक मिशनांत मोटारीत बसवलेले उपकरण वेग वाढला की बोलून टोकते. मिशनरींच्या बोलीत ते ‘टिवी’. दूरचित्रवाणीशी त्याचा संबंध नाही, ती तर त्यांना वर्ज्यच आहे.

सोमवार : बहुतेक मिशनांत सोमवार हा ‘तयारीचा दिवस’ किंवा ‘पी-डे’ असतो. पूर्वी त्याला ‘मनोरंजनाचा दिवस’ म्हणत; नाव बदलण्यामागे सुट्टीची कल्पना पुसण्याचा हेतू असावा. धुणे, किराणा, केस कापणे, झाडलोट आणि घरी ईमेल ही कामे संध्याकाळी ६ पर्यंत उरकतात. फेब्रुवारी २०१९ पर्यंत कुटुंबाशी फोनवर बोलण्याची मुभा फक्त नाताळ व मातृदिनी होती. तेव्हापासून दर आठवड्याला बोलता येते. ग्रामीण जोडीचा अर्धा पी-डे बहुधा जाण्यायेण्यात जातो. लाँड्री एका गावी, मोठे दुकान दुसऱ्या. म्हणून आठवड्याचा शिधा एकदमच भरतात. घोडेस्वारी, पोहणे आणि बंदुका हाताळणे यांना मनाई आहे. शहरात या नियमांचा प्रसंगच येत नाही. पशुपालकाच्या घरी मात्र घोडा प्रेमाने पुढे केला जातो आणि यजमानाला न दुखावता नाही म्हणावे लागते.

रोजचा क्रम : पारंपरिक वेळापत्रक सकाळी ६.३० ला उठणे, अर्धा तास व्यायाम, ८ ते ९ वैयक्तिक अभ्यास, ९ ते १० जोडीने अभ्यास, १० ला बाहेर पडणे, रात्री ९ ते ९.३० पर्यंत परतणे आणि १०.३० ला दिवे मालवणे, असे होते. २०१७ पासून त्यात स्थानिक परिस्थितीनुसार फेरफार करण्याची मोकळीक आली. ग्रामीण भागात तिची गरज होतीच : दूध काढण्याच्या वेळी गोठ्यात आणि कापणीच्या दिवसांत शेतात कोणी धर्मचर्चेला थांबत नाही.

दारोदार जाण्याला ‘ट्रॅक्टिंग’ म्हणतात. शहरी गल्लीत तासाभरात कित्येक दारे होतात. जिथे दोन घरांमध्ये मैलभर अंतर आहे तिथे हा मार्ग मैलांच्या हिशेबात परवडत नाही. त्यामुळे ओळखीतून ओळख, जुन्या नोंदी आणि उपासनेला येणे थांबलेले सभासद यांवर भर असतो. फाटकावर प्रवेशबंदीची पाटी असेल तर आत जात नाहीत. नसेल तर मोटार घरातून दिसेल अशी उभी करतात, कुत्रा मोकळा आहे का ते पाहूनच उतरतात आणि दार ठोठावल्यावर दोन पावले मागे सरतात. जोडीदार नेहमी नजरेच्या टप्प्यात हवा. घरात भिन्नलिंगी व्यक्ती एकटीच असेल तर आत जायचे नाही. मग बोलणे ओसरीवर होते किंवा पुढच्या वेळी एखाद्या सभासदाला बरोबर आणतात. हा तिसरा माणूस ग्रामीण शाखेत (सभासदांच्या लहान स्थानिक मंडळीत) मिळणे सर्वांत कठीण, आणि भेटी रद्द होण्याचे ते एक मुख्य कारण आहे.

शिकवणीसाठी २००४ पासून ‘प्रीच माय गॉस्पेल’ हे मार्गदर्शक वापरतात (सुधारित आवृत्ती २०२३). त्यापूर्वी १९८६ पासूनचे ६ पाठ ठरलेल्या क्रमाने घेत असत. भेटींच्या नोंदी पूर्वी जाड ‘क्षेत्रवही’त असत, आता फोनमधील ॲपमध्ये. दुर्गम भागात नेटवर्क नसल्याने नोंदी फोनमध्येच अडकतात. कागदावर पत्ते व वाटांच्या खुणा उतरवून ठेवणारी जोडी शहाणी. ‘निळ्या टपालपेटीनंतरचा कच्चा रस्ता’ ही माहिती नकाशात नसते.

सेवाकार्य : जुन्या पुस्तिकेत त्यासाठी आठवड्याला ४ तासांपर्यंत सवलत होती. सरपण रचणे, गवताचे गठ्ठे उचलणे, कुंपण दुरुस्त करणे ही नेहमीची कामे. गठ्ठे उचलताना हातमोजे व लांब बाह्या हव्यात, नाहीतर दोरी बोटे कापते आणि काड्या हात ओरबाडतात. ज्या घरी प्रचाराला दार बंद होते, तिथे या कामामुळे ओळख होते. त्याच दिवशी धर्मचर्चा काढली तर ती टिकत नाही.

आठवड्याची आखणी, रविवार व बाप्तिस्मा : आठवड्यातून एकदा दोन-तीन तास बसून पुढील आठवडा आखतात. डिस्ट्रिक्टची बैठकही दर आठवड्याला होते. बाप्तिस्म्यापूर्वीची मुलाखत डिस्ट्रिक्ट-प्रमुख घेतो. त्याचे मैल वाचावेत म्हणून ती शक्यतो बैठकीच्या दिवसालाच जोडतात.

रविवारची उपासना जानेवारी २०१९ पासून ३ ऐवजी २ तासांची आहे. लहान शाखेत उपस्थिती इतकी विरळ असते की एल्डरच भाकर व पाणी यांचा विधी पार पाडतात, प्रवचन देतात, वर्ग घेतात आणि जमल्यास पियानोही वाजवतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणांचा उपवास असतो. जेवणासाठी सभासदांत वार वाटून देणारा तक्ता फिरवतात. घरे मोजकीच असल्याने त्याच कुटुंबांवर भार पडतो. संध्याकाळी आठवड्याचे आकडे (भेटी, नवे लोक, उपासनेला आलेले) वरिष्ठांकडे जातात. ग्रामीण आकडे शहरी आकड्यांच्या शेजारी ठेवले की लहान दिसतात. अनेक नवख्यांचे खच्चीकरण खडतर रस्त्यांपेक्षा या तुलनेने होते.

बाप्तिस्मा पूर्ण बुडवून देतात. दोन साक्षीदार पाहतात. केस, बोट किंवा वस्त्राचा काठ पाण्यावर राहिला तरी विधी पुन्हा करावा लागतो. कुंड भरायला काही तास लागतात. नळ उशिरा उघडला तर पाणी कमरेपर्यंत येत नाही आणि माणूस नीट बुडत नाही. ग्रामीण भागातील खरी अडचण नंतर येते : नव्या सभासदाला दर रविवारी आणणार कोण? वाहनाची सोय आधी लावली नाही तर काही आठवड्यांतच येणे थांबते.

बदली : दर ६ आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात. नवा मिशनरी पहिले १२ आठवडे प्रशिक्षकाबरोबर राहतो. दोघेही एकदम बदलले तर त्याला ‘व्हाइटवॉश’ म्हणतात. विस्तीर्ण क्षेत्रात हे टाळतात, कारण वाटा माहीत असलेला माणूसच उरत नाही.

भारत : थैली-झोळीविना पद्धतीचा एक प्रयोग महाराष्ट्रातही झाला. ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे पुण्यात त्यांनी लहानशी शाखा उभी केली. अमेरिकेहून नेमलेले ९ मिशनरी १८५३ मध्ये ‘मान्सून’ नावाच्या जहाजाने कलकत्त्यास पोचले. काम मुख्यतः छावण्यांतील इंग्रजी बोलणाऱ्यांत चालले. परक्याला एक रात्र ठेवून घेणारी शेतघरे त्यांच्या वाटेवर नव्हती, त्यामुळे ही पद्धत येथे रुजली नाही आणि १८५६ च्या सुमारास मिशन गुंडाळले गेले. स्वतंत्र भारतीय मिशन १९९३ मध्ये बंगळूर येथे सुरू झाले.