दैवकथा, कल्पितकथेतील

विज्ञानकथा, अद्भुतकथा, भयकथा या 'असे झाले तर?' विचारणाऱ्या लेखनात श्रद्धेतल्या देव-दैत्यांचा, उत्पत्तिकथांचा आणि शकुनांचा होणारा वापर. मराठी लेखक यासाठी बहुधा पुराणांकडे वळतो. अस्त्रे, विमाने, शाप हाताशीच असतात. ग्रामीण विदर्भात त्याखेरीज गावोगावच्या स्थलकथांचा मोठा साठा आहे. तो वापरताना कथा मुळात कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे आधी पाहावे लागते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे उदाहरण बोलके आहे. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली दडून राही. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींना मोहवून त्याचा ठावठिकाणा काढला, पायाच्या अंगठ्याने बिळावरचे झाकण उडवले आणि त्याला मारले. सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त. झाकण दूर जाऊन पडले, त्याची टेकडी झाली. लोणार गावात दैत्यसूदनाचे प्राचीन देऊळ आहे, सरोवराच्या काठावर कमळजादेवीचे.

सरोवर ज्या खोलगट विवरात आहे, ते सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे असून उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झाले आहे. त्यामुळे 'लवणासुर म्हणजे उल्काच, पूर्वजांनी ती पडताना पाहिली आणि दैत्य म्हटले' अशी कल्पना लेखकाला लगेच सुचते. ती दिसायला चतुर, पण कच्ची आहे. विवराच्या वयाचे एक अनुमान सुमारे 50 हजार वर्षांचे, दुसरे साडेपाच लाखांहून अधिक. कुठलेही धरले तरी इतकी जुनी आठवण कथेत टिकली असे मानणे अवघड. त्याहून मोठी अडचण अशी की या कथेत आभाळातून काहीच पडत नाही! जे काही उसळते ते जमिनीखालून. 1970 च्या दशकात उल्कापाताचे पुरावे पक्के होईपर्यंत अनेक भूवैज्ञानिकही याला ज्वालामुखीचे काम समजत होते. दैत्यकथा त्यांच्या जवळची. खरे तर खड्डा कसा पडला, यापेक्षा पाणी इतके खारे का, हाच या कथेचा प्रश्न दिसतो. उत्तर तर दैत्याच्या नावातच आहे, लवण म्हणजे मीठ. जून 2020 मध्ये हे पाणी गुलाबी झाले आणि तपासणीत खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव कारण म्हणून पुढे आले. कल्पितकथेला खरी जागा इथे मिळते. रक्ताची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या माणसाने सकाळी विवराच्या कडेवर उभे राहून खाली पाहिले, तर त्याला काय वाटेल?

भेंडवळची घटमांडणी (तालुका जळगाव जामोद) ही तर स्वतःच भविष्यकथा आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात 18 प्रकारच्या धान्यांचा गोल घट मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवतात, त्यावर पाण्याची घागर. मांडणीतली पुरी म्हणजे पृथ्वी, पानसुपारी म्हणजे राजा. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचे नाही. सकाळी कोणते ढेकूळ किती भिजले, कोणता दाणा जागचा हलला, यावरून पाऊस, पिके आणि राजकारणाचेही भाकीत सांगितले जाते. त्याला हवामानशास्त्राचा आधार नाही. दाणे मुंग्या, उंदीर, वाराही हलवू शकतात. तरी 'औंदा पाऊसपानी कसं हाय?' हा प्रश्न कोरडवाहू कास्तकाराच्या पोटाचा आहे. लेखकाने राखणदाराविना गेलेली ती रात्र लिहावी. सकाळचे भाकीत खरे ठरवून दाखवले की गोष्ट जाहिरात होते, खोटे पाडून दाखवले की व्याख्यान.

गोंदिया जिल्ह्यातील कचारगड (तालुका सालेकसा) इथे वेगळी सावधगिरी हवी. इथल्या गुहेत कोंडलेल्या मुलांना गोंडांचा आदिगुरू पारी कुपार लिंगो याने मुक्त केले, अशी गोंड परंपरा आहे. माघ पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून लोक येतात. 'आम्ही कुठून आलो' याचे हे उत्तर आहे आणि तो जिवंत धर्म आहे. त्या गुहेत परग्रहवासीयांचे यान ठेवणाऱ्याने, तसेच यान पंढरपूरच्या गाभाऱ्यात ठेवायला आपला हात धजेल का, हे स्वतःला विचारून पाहावे.

करणी, मूठ, भानामती यांच्या गोष्टी भयकथेत सर्वात जास्त खपतात. त्या 'दोष कुणाचा?' याचे उत्तर देतात, आणि ते उत्तर बहुधा गावातली एखादी एकटी म्हातारी किंवा खालचे मानले गेलेले घर असते. जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना खांबाला बांधून मारल्याच्या घटना विदर्भात घडल्या आहेत. राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अशा कथेत करणी खरी निघाली, तर लेखक नकळत मारणाऱ्यांच्या बाजूने साक्ष देतो. करणी संशयापुरतीच ठेवली, तर भीती त्या म्हातारीच्या दाराआडून दिसू लागते, बाहेर जमलेल्या गर्दीची.