मायक्रोकायमेरिझम (शरीरात टिकून राहिलेल्या परक्या पेशी)

एका जिवाच्या शरीरात दुसऱ्याच्या पेशी अत्यल्प प्रमाणात, पण दीर्घकाळ जिवंत राहण्याची स्थिती. परक्या पेशींचा वाटा एक टक्क्याहून कमी असतो, बहुधा हजारांत किंवा लाखात एखादी. त्या गर्भारपणात वारेतून, जुळ्यांच्या जोडलेल्या रक्तवाहिन्यांतून, भरलेल्या रक्तातून किंवा प्रत्यारोपित अवयवातून येतात. वाटा मोठा असेल तर नुसते ‘कायमेरिझम’ म्हणतात.

गाईची जुळी : पेशींच्या अदलाबदलीचा परिणाम कोल्हापूरच्या दूधपट्ट्यातला शेतकरी हे नाव न ऐकताही ओळखतो. गाईला जुळे झाले, एक खोंड आणि एक कालवड, की ती कालवड बहुधा माजावर येत नाही. अशा दहांतल्या नऊहून अधिक कालवडी वांझ निघतात. त्यांना फ्रीमार्टिन म्हणतात. गाभणकाळाच्या चाळिसाव्या दिवसाच्या आसपास दोन्ही वारांतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जुळतात. खोंडाकडची संप्रेरके कालवडीच्या गर्भाशयाची वाढ खुंटवतात, हे फ्रँक लिली यांनी १९१६ च्या सुमारास मांडले. त्याच वाटेने रक्ताच्या मूळपेशीही जातात आणि अस्थिमज्जेत कायमच्या वस्तीला बसतात. १९४५ मध्ये रे ओवेन यांना जुळ्या गुरांच्या रक्तात दोन वेगवेगळ्या गटांच्या तांबड्या पेशी एकत्र सापडल्या, आणि ही जनावरे एकमेकांच्या पेशी परक्या मानत नाहीत हे लक्षात आले. पीटर मेडावर यांच्या प्रतिकार-सहनशीलतेवरील (शरीराने परक्या पेशी खपवून घेण्यावरील) कामाला (नोबेल १९६०) इथूनच दिशा मिळाली.

गोठ्यात परीक्षा सोपी आहे. एक ते चार आठवड्यांच्या वासराच्या योनीत बोटाएवढ्या जाडीची, बंद व गोल टोकाची गुळगुळीत नळी जेल लावून हलकेच सरकवतात. चांगल्या कालवडीत ती १२ ते १५ सेंमी जाते, फ्रीमार्टिनमध्ये ५ ते ८ सेंमीवर अडते. जोर लावला तर इजा होते आणि मापही चुकते, म्हणून हे काम डॉक्टरकडूनच करून घ्यावे. शंका राहिली तर रक्तात वाय गुणसूत्र (फक्त नराच्या पेशींत असणारे) शोधतात. दीड वर्ष वैरण-पेंड घालून मग वांझपण कळण्यापेक्षा हे परवडते. बाजारातून एकटी कालवड आणतानाही धोका उरतोच, कारण खोंडाचा गर्भ मध्येच जिरून गेला तरी कालवडीवरचा परिणाम राहतो. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर उभ्या असणाऱ्या म्हशींच्या मालकांना हा प्रश्न सहसा पडत नाही. म्हशीला जुळे होणेच दुर्मीळ.

माणसात : १८९३ मध्ये गेओर्ग श्मोर्ल यांना गर्भारपणातील झटक्यांनी दगावलेल्या स्त्रियांच्या फुप्फुसांत वारेच्या पेशी आढळल्या. १९९६ मध्ये डायाना बियांकी यांच्या गटाने, मुलगा होऊन २७ वर्षे उलटलेल्या आईच्या रक्तातही पुरुष पेशी दाखवल्या. २०१२ च्या एका अभ्यासात ५९ मृत स्त्रियांपैकी ६३ टक्क्यांच्या मेंदूत पुरुष डीएनए मिळाला. उलट दिशेने आईच्या पेशीही लेकरात मोठेपणापर्यंत राहतात. बाळाच्या तांबड्या पेशी आईत शिरतात त्या मात्र यात मोजत नाहीत. त्या काही महिन्यांत संपतात. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन देतात ते याच तांबड्या पेशींसाठी.

बाळाच्या टिकून राहिलेल्या पेशी आईचे भले करतात की वाईट? स्क्लेरोडर्मा (त्वचा कडक करणारा आजार) झालेल्या स्त्रियांत त्या जास्त असतात, असे ली नेल्सन यांच्या गटाने १९९८ मध्ये नोंदवले. पण पेशी दुखऱ्या जागी सापडल्या म्हणून दुखणे त्यांनीच आणले असे ठरत नाही. दुरुस्तीला आलेल्याही असू शकतात. निरोगी बायकांतही त्या असतात.

चाचणी : एका मायक्रोग्रॅम डीएनएत सुमारे दीड लाख पेशींचा ऐवज असतो. लाखात एक पेशी शोधायची तर तेवढ्या डीएनएत जेमतेम एक-दोन प्रती मिळणार, त्यामुळे एकच नमुना अनेक खाचांत वाटून पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून ओळखण्याची चाचणी) करावा लागतो. मोठी अडचण म्हणजे भेसळ. पुरुष तंत्रज्ञाच्या त्वचेचा कणही स्त्रीला ‘पॉझिटिव्ह’ ठरवतो, म्हणून प्रत्येक फेरीत कोऱ्या पाण्याची खाच हवीच. वाय गुणसूत्र शोधणे सोपे, म्हणून मुलग्यांच्या आयांबद्दल जास्त माहिती जमली आहे; मुलीच्या पेशींसाठी एचएलएसारखी (पेशींवरची, माणसागणिक बदलणारी) वेगळी खूण लागते. मुलगा न झालेल्या स्त्रीतही वाय सापडू शकते : न कळलेला गर्भपात, जिरलेले जुळे, भरलेले रक्त. गर्भारपणात मात्र हीच चाचणी लिंगनिदान ठरते आणि १९९४ च्या कायद्याने ती गुन्हा आहे. सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ (प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे उपकरण) जोडण्याचा प्रयोग झालेल्या कोल्हापूर जिल्ह्यात ते वेगळे सांगायला नको.

प्रत्यारोपण व रक्त : थॉमस स्टार्झल यांनी १९९२ मध्ये, अनेक वर्षांपूर्वी मूत्रपिंड किंवा यकृत बसवलेल्या रुग्णांच्या त्वचेत व लसिका ग्रंथींत दात्याच्या पेशी दाखवल्या. त्यावरून ‘शरीराने अवयव आपलासा केला’ असे धरून प्रतिकार दाबणाऱ्या गोळ्या बंद करणे म्हणजे अवयव गमावण्याची वाट. अस्थिमज्जा बदलल्यावर हिशेब उलटा : ९५ टक्क्यांहून अधिक पेशी दात्याच्या हव्यात. ते पाहायला जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी वापरतात. हिरव्या टोपणाच्या नळीतले हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) पीसीआर बिघडवते. रुग्णाचा प्रत्यारोपणापूर्वीचा नमुना जपून ठेवावा लागतो, कारण नंतर लाळेतही दात्याच्या पेशी उतरतात. रक्तगटही काही महिन्यांत दात्याचा होतो, तेव्हा रक्तपेढीत जुने कार्ड दाखवून भागत नाही.

‘घरच्याच माणसाचे रक्त द्या’ हा आग्रह इथे घातक ठरू शकतो. जवळच्या नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या तग धरतात आणि उलट त्याच्यावरच हल्ला चढवतात. रक्त भरल्यावर ४ ते ३० दिवसांत ताप, पुरळ, जुलाब, कावीळ सुरू होते, अस्थिमज्जा सुकते. दहांतले नऊहून अधिक रुग्ण वाचत नाहीत. उपाय आधीच करायचा : पिशवीच्या मध्यभागी किमान २५ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) विकिरण. नुसता पांढऱ्या पेशींचा फिल्टर यासाठी पुरत नाही. विकिरणानंतर पिशवीतले पोटॅशियम वाढत जाते, म्हणून तान्ह्या बाळांसाठी ती लवकर वापरावी लागते.