यकृताचा कर्करोग पसरतो तो कशामुळे?

यकृताचा कर्करोग कशामुळे होतो, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असते: हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंचा दीर्घकाळ राहिलेला संसर्ग, मद्यपान, यकृतात साठणारी चरबी, बुरशी लागलेल्या धान्यातले अफ्लाटॉक्सिन हे विष. झालेला कर्करोग पसरतो कशामुळे, हा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि उपचार कोणते करता येतील हे बहुतांशी त्याच्याच उत्तरावर ठरते. येथे विचार केला आहे तो यकृतातच उगम पावणाऱ्या आणि त्यांतही सर्वाधिक आढळणाऱ्या हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाचा. इतर अवयवांतून यकृतात येऊन पोहोचलेला कर्करोग हा निराळा विषय आहे.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतडी व प्लीहा यांच्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येते आणि उरलेले यकृताच्या धमनीतून. कर्करोगाची गाठ वाढते ती मुख्यतः धमनीच्या रक्तावर, पण पसरते ती बहुधा शिरांच्या वाटेने. गाठीतल्या पेशी पोर्टल शिरेच्या बारीक फांद्यांत शिरतात आणि यकृताच्याच दुसऱ्या भागात जाऊन रुजतात, म्हणून या रोगाचा पहिला प्रसार पुष्कळदा यकृताच्या आतच होतो. पेशी यकृतातून बाहेर रक्त नेणाऱ्या शिरांत शिरल्या, तर अधोमहाशिरेतून (शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेतून) हृदयाच्या उजव्या बाजूस आणि तेथून फुफ्फुसांत पोहोचतात. दूरच्या अवयवांपैकी फुफ्फुसे सर्वाधिक वेळा ग्रासली जातात, ती यामुळेच. त्याखालोखाल लसीका ग्रंथी, हाडे आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी यांचा क्रम लागतो.

रक्तवाहिन्यांत झालेला हा शिरकाव प्रसाराचा सर्वांत ठळक धोका मानला जातो. गाठ जितकी मोठी, गाठी जितक्या अधिक आणि पेशींचे रूप मूळ यकृतपेशींपासून जितके दुरावलेले, तितकी त्याची शक्यता वाढते. इटलीतील मिलान येथील डॉक्टरांनी १९९६ साली यकृत प्रत्यारोपणासाठी जे निकष मांडले, ते याच निरीक्षणाशी जुळतात: एकच गाठ असल्यास ती ५ सेंटिमीटरपर्यंत, अनेक असल्यास जास्तीत जास्त ३ आणि प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत, शिवाय मोठ्या रक्तवाहिन्यांत किंवा यकृताबाहेर रोग नसावा. रक्तातील अल्फा फीटोप्रोटीन हे प्रथिन फार वाढलेले असणे हीदेखील इशाऱ्याची खूण आहे, मात्र काही रुग्णांत रोग असूनही ते वाढत नाही, त्यामुळे एकट्या त्या आकड्यावर विसंबता येत नाही. खरी अडचण सूक्ष्म शिरकावाची आहे. तो स्कॅनमध्ये सहसा दिसत नाही, आणि गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच त्याची खात्री होते.

सुई लावल्याने कर्करोग पसरतो, अशी भीती अनेक कुटुंबांत असते. ती अगदीच निराधार नाही, कारण बायोप्सीच्या (तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढण्याच्या) सुईच्या मार्गावर पेशी रुजल्याची उदाहरणे आहेत. पण हे प्रमाण शंभरात दोन-तीन किंवा त्याहूनही कमी आहे. सिरॉसिस (यकृतात व्रण साठून ते कठीण होणे) असलेल्या रुग्णात पुष्कळदा सीटी किंवा एमआरआयवरूनच निदान होत असल्याने बायोप्सीची वेळच येत नाही.

गाठीइतकेच महत्त्व ती ज्या यकृतात वाढते त्याला आहे, आणि माझ्या मते रुग्णांशी बोलताना याच भागाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. शस्त्रक्रियेने गाठ पूर्ण काढल्यानंतरही पाच वर्षांत सुमारे ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांत कर्करोग पुन्हा आढळतो. पहिल्या दोन वर्षांत दिसणाऱ्या गाठी बहुधा आधीच निसटलेल्या पेशींपासून वाढलेल्या असतात. त्यानंतरच्या गाठी मात्र अनेकदा पूर्णपणे नव्या असतात, कारण सिरॉसिस झालेले यकृत शस्त्रक्रियेनंतरही तसेच राहिलेले असते. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण जास्त असल्यास हा धोका वाढतो, त्यामुळे गाठ काढल्यावरही विषाणूविरोधी गोळ्या चालू ठेवल्या जातात.