वर्ग सजवा, पण आधी एक टाळी वाजवून बघा

माझी धाकटी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. मे महिन्यात गावाने वर्गणी काढून शाळा रंगवली आणि जूनमध्ये तिने मला मोठ्या हौसेने वर्ग बघायला बोलावलं. भिंतींवर मुळाक्षरं, बाराखडी, फळं, जंगलातले प्राणी, सूर्यमाला आणि महाराष्ट्राचा नकाशा. खाली चकचकीत फरशी, वर सिमेंटचा स्लॅब, स्लॅबला दोऱ्यांनी टांगलेले थर्माकोलचे ग्रह. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

"कसा झालाय, दादा?"

मी उत्तर द्यायच्या ऐवजी टाळी वाजवली. तिला ते कौतुक वाटलं. मी मात्र कान देऊन ऐकत होतो. टाळी संपल्यावरही ती खोली बराच वेळ खणखणत राहिली, रिकाम्या पिंपात खडा टाकावा तशी.

शिक्षण खात्यात अशा भिंतींना 'बोलक्या भिंती' म्हणतात. या खरोखरच बोलत होत्या, आणि बाई बोलत असतानाही गप्प बसायला तयार नव्हत्या.

सजावटीबद्दल सहसा डोळ्यांच्या अंगाने बोललं जातं, तेव्हा आधी ते उरकून घेऊ. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली बालवाडीच्या २४ मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीच मुलं, तशाच प्रकारचे विज्ञानाचे धडे. काही धडे तक्ते-चित्रांनी भरलेल्या खोलीत आणि काही जवळपास कोऱ्या भिंतींच्या खोलीत. भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष सुमारे ३९ टक्के वेळ भलतीकडे होतं, कोऱ्या खोलीत सुमारे २८ टक्के. चाचणीत बरोबर उत्तरं अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के. प्रयोग लहान आहे, पण त्यामागचं कारण कुठल्याही बालवाडीच्या ताईंना पटेल. चित्रावरून नजर काढून पुन्हा फळ्याकडे आणायला मनाचा जो लगाम लागतो, तो सहाव्या वर्षी अजून कच्चा असतो. फळ्यामागची भिंत मोकळी सोडा, बाकीच्या भिंतींवर आज जे शिकवताय तेवढंच लावा. डोळ्यांचं एवढं पुरे.

आता कान. मला खरं बोलायचंय ते याबद्दलच.

प्रतिध्वनी आपण शाळेत शिकलो. आवाज लांबच्या डोंगरावर आपटून किमान एक दशांश सेकंदाने परत आला की तो वेगळा ऐकू येतो, आणि त्यासाठी डोंगर निदान १७ मीटर लांब हवा. वर्गाची भिंत तीन-चार मीटरवर असते. तिथून परतणारा आवाज वेगळा ऐकू येत नाही, मूळ आवाजाच्या शेपटीला चिकटतो. तो दुसऱ्या भिंतीवर जातो, मग छतावर, मग फरशीवर, आणि प्रत्येक आपटीत थोडा थोडा झिजतो. या लांबलेल्या शेपटीला निनाद म्हणतात. मूळ आवाज थांबल्यापासून त्याची ऊर्जा दहा लाखांशावर यायला, म्हणजे ६० डेसिबलने उतरायला, जितका वेळ लागतो तो निनादकाळ.

हे मोजायची रीत एका बिघडलेल्या वर्गातूनच जन्मली, याची मला नेहमी गंमत वाटते. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कला संग्रहालयात एक नवं व्याख्यान दालन बांधलं गेलं आणि तिथे कुणाचं बोलणं कुणाला कळेना. वॉलेस सॅबिन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या भौतिकीच्या प्राध्यापकाला सांगितलं गेलं की यावर काहीतरी उपाय काढ. सॅबिनने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उसन्या घेतल्या. रात्री शहर शांत झालं की तो मदतनिसांबरोबर त्या गाद्या नव्या दालनात वाहून न्यायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा, बंद करायचा, आणि आवाज कानाला ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. उजाडायच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर. रिकाम्या दालनात निनाद साडेपाच सेकंद टिकत होता, गाद्या वाढल्या तसा तो घटत गेला. पुढे त्याच्या लक्षात आलं की अंगातल्या कपड्यांनीही आकडा बदलतो, तेव्हा तो मोजणीला ठरावीकच कपडे घालून जाऊ लागला. एवढ्या जागरणातून निघालेलं सूत्र मात्र एका ओळीचं आहे:

निनादकाळ (सेकंद) = ०.१६१ × खोलीचं घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरस मीटर)

शोषण चौरस मीटरमध्ये का? कारण सॅबिनने माप म्हणून उघडी खिडकी घेतली. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे एक चौरस मीटर उघडी खिडकी हे एक पूर्ण एकक शोषण. गिलावा करून तैलरंग दिलेली भिंत, फरशी किंवा स्लॅब पडलेल्या आवाजाच्या जेमतेम तीन टक्के शोषतात. म्हणजे १०० चौरस मीटर रंगीत भिंत बरोबर ३ चौरस मीटर खिडकी.

आता बहिणीचा वर्ग. आठ मीटर लांब, सहा रुंद, तीन उंच, घनफळ १४४. भिंती, फरशी, छत मिळून १८० चौरस मीटर, त्यांचं शोषण साधारण साडेपाच. दारं-खिडक्या लावलेल्या रिकाम्या खोलीचा निनादकाळ चार सेकंदांच्या वर जातो. देवळाच्या गाभाऱ्यात हे शोभतं, पहिलीच्या वर्गात नाही. चार चौरस मीटर खिडक्या उघडल्या, तीस मुलं आत बसली (कपड्यांसकट एक मूल सुमारे ०.३ धरा, म्हणजे ९), तर एकूण शोषण साधारण १८ होतं आणि निनादकाळ सव्वा सेकंद. म्हणजे वर्गातली सगळ्यात उपयोगी ध्वनिशोषक वस्तू म्हणजे स्वतः मुलंच! अमेरिकेत या आकाराच्या वर्गासाठी जे मानक आहे ते ०.६ सेकंदाचं. आपण त्याच्या दुपटीवर.

सव्वा सेकंदाने असं काय बिघडतं? इथे थोडं गणित आहे, पण सोडू नका. पात, पाट, पाठ, पाय हे चार शब्द मोठ्याने म्हणा. चारही शब्दांत 'पा' तोच आहे आणि सगळा अर्थ शेवटच्या व्यंजनात. 'आ' हा स्वर लांब, दणकट. त्याच्यापुढे 'त' किंवा 'ठ' म्हणजे काही शतांश सेकंदांची चुटकी, स्वरापेक्षा सहज १५ डेसिबलने दुबळी. आता सव्वा सेकंदात ६० डेसिबल म्हणजे सेकंदाला साधारण ४८. 'आ'ची शेपटी १५ डेसिबलने खाली यायला जवळजवळ एक तृतीयांश सेकंद लागतो. बाई सेकंदाला चार अक्षरं बोलत असतील, तर एवढ्यात 'ठ' येऊन गेलेला असतो, 'आ'च्या पदराखाली झाकून. निनादकाळ ०.६ असता तर हीच शेपटी ०.१५ सेकंदात उतरली असती आणि 'ठ'चं टोक वर दिसलं असतं. मराठीत हा घोटाळा जास्तच, कारण आपल्याकडे त-थ, ट-ठ, न-ण, ल-ळ अशा जोड्यांवर अर्थ उभे असतात. 'काल' आणि 'काळ' यांत फरक किती, आणि तो ऐकायला वेळ किती!

तुम्ही-आम्ही अशा खोलीत बसलो तरी गैरसोय होत नाही. 'गणपतीसमोर मांडला' ऐकलं की पुढेमागे पाटच असणार हे आपला मेंदू भरून घेतो. हा शब्दांचा साठा सहा वर्षांच्या मुलाकडे नसतो. तो तयार करायलाच तर ते शाळेत आलंय. गोंगाटातून बोलणं वेगळं काढायची क्षमता मोठ्यांइतकी व्हायला पौगंडावस्था उजाडते. त्यात घरची बोली कातकरी, पावरी किंवा गोंडी असेल, किंवा पावसाळ्यात सर्दीने कान भरलेला असेल, तर त्या मुलाला 'लक्ष देत नाही' हा शेरा फुकटात मिळतो.

आणि हे फक्त मागच्या बाकाचं दुखणं नाही. अशा खोलीत बाईंच्या तोंडापासून जेमतेम दोन हातांवर एक सीमा असते. तिच्या अलीकडे थेट आवाज जास्त, पलीकडे भिंतींवरून आलेला जास्त. पहिली रांगसुद्धा बहुतेक वेळा सीमेपलीकडेच असते. म्हणून "जरा मोठ्याने बोला" याचा उपयोग नाही, बाईंनी आवाज दुप्पट केला की भिंतीही दुप्पट बोलतात. वर गटात बसवलेली मुलं एकमेकांचं ऐकू यावं म्हणून आवाज चढवतात. फ्रेंच कानतज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये नोंदवलेला हा परिणाम लग्नाच्या पंगतीत तुम्ही दर वेळी पाहता. शोषण वाढवलं की हे चक्र उलटं फिरतं: खोली शांत, म्हणून मुलं हळू, म्हणून खोली आणखी शांत.

मग शोषायचं कशाने? आवाज म्हणजे हवेच्या कणांची पुढेमागे हालचाल. कापडाच्या धाग्यांमधल्या चिंचोळ्या वाटांतून हे कण ये-जा करतात तेव्हा घासतात आणि आवाजाची किंचित उष्णता होते. इतकी किंचित की खोली तापत नाही. पण घासायला आधी हलायला हवं, आणि इथे माझा सगळ्यात आवडता मुद्दा येतो. कठीण भिंतीला अगदी लागून असलेले कण हलूच शकत नाहीत, पुढे भिंत आहे. तिथे दाब जास्तीत जास्त आणि हालचाल शून्य. हालचाल सर्वांत जास्त असते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांच्या, आवाजाची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटीमीटर, म्हणजे पाव हिस्सा साडेआठ. पाचशे हर्ट्झला सतरा. थोडक्यात, कापड भिंतीला चिकटवलंत तर बरंचसं वाया गेलं. तेच चार बोटं पुढे टांगलंत तर हजार हर्ट्झच्या आसपास मस्त काम करेल, आणि वीतभर पुढे असेल तर त्याहून खालच्या स्वरांवरही. पडदा चुण्यांचा असेल तर काही भाग चार बोटांवर, काही वितीवर, म्हणजे दोन्ही साधलं.

वस्तू शोषक आहे की नाही, यासाठी सॅबिनसारखं रात्री जागायची गरज नाही. ती ओठांना लावून फुंकर मारा. फुंकर सहज पार झाली (मच्छरदाणी) तर घर्षण कमी, उपयोग कमी. अजिबात पार झाली नाही (प्लास्टिक, रंगवलेला पुठ्ठा, लॅमिनेट केलेला तक्ता) तर उपयोग जवळजवळ नाही. जोर लावून पार झाली तर हाच आपला माल. थर्माकोल या परीक्षेत साफ नापास होतो. त्याचे दाणे हवाबंद असतात, आवाजाला आत वाटच नाही. हलका, मऊ दिसतो म्हणून तो आवाज खातो हा निव्वळ भ्रम. अंड्यांच्या ट्रेंचंही तेच. इंटरनेटवर दर दुसरा माणूस ते भिंतीला चिकटवून खोली 'साउंडप्रूफ' करतो. पातळ लगदा मोजक्याच कंपनांवर थोडाफार शोषण करतो, आणि बाहेरचा ट्रॅक्टर तर अजिबात अडवत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत लागते. निनाद मारायला सच्छिद्रता लागते. ही दोन वेगळी कामं आहेत.

जाता जाता: शाळा रंगवताना एका सद्गृहस्थांनी मुलांची तोंडं पूर्वेला हवीत, बुद्धी वाढते, असा सल्ला देऊन बाकं फिरवायला लावली होती. त्यामुळे खिडकी उजवीकडे आली आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्या प्रत्येक मुलाच्या वहीवर त्याच्याच हाताची सावली पडू लागली. जुने लोक खिडकी डावीकडे ठेवत, ती उगीच नाही. आम्ही बाकं पुन्हा फिरवली. बुद्धीचं अजून तरी काही बिघडलेलं नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणात, कुरणात शाळा नेली, ती मुलं वर्गात येत नव्हती म्हणून. पण ध्वनीच्या हिशेबाने पाहिलं तर अंगण म्हणजे चारही बाजूंनी उघडी खिडकी. निनाद शून्य. तिथे आवाज अंतराबरोबर विरतो, तेव्हा मुलांना झाडाखाली जवळ, अर्धगोल करून बसवायचं. गोष्ट सांगायला हीच बैठक वर्गातही चालते.

बहिणीच्या वर्गात आम्ही शेवटी गोधड्या टांगल्या. गावात प्रत्येक घरात एखादी जुनी, विरलेली असतेच, आणि जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर धावदोऱ्याने शिवलेली गोधडी फुंकरीच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होते. आठ गोधड्या, मिळून २४ चौरस मीटर. जाड पडद्यासारखी निम्मी शोषणक्षमता धरली तर १२ चौरस मीटर खिडकी वाढल्यासारखं, आणि निनादकाळ सव्वावरून पाऊण सेकंदावर. मागच्या भिंतीला आणि एका बाजूला लाकडी पट्ट्या ठोकून, चार बोटांची फट ठेवून. समोरची भिंत आणि फळा तसाच कठीण ठेवला. बाईंचा आवाज पुढे फेकायला तो हवाच. शनिवारी त्या उतरवून उन्हात टाकाव्या लागतात, नाहीतर मागे पाली संसार थाटतात.

मुख्याध्यापकांची एकच तक्रार आहे. सुंदर शाळा तपासायला समिती आली की नकाशा पूर्ण दिसायला हवा. सध्या कोकण आणि पश्चिम महाराष्ट्र उघड्यावर आहेत, मराठवाडा अर्धा, आणि अख्खा विदर्भ पाटलांच्या आजीच्या गोधडीमागे.